कारभाऱ्यांच्या अकराशे कॅलरी

माझे यजमान तीन महिने रोज सरासरी अकराशे कॅलरी जाळत होते आणि त्याच तीन महिन्यांत त्यांचं वजन चार किलोंनी वाढलं.

दोन्ही आकडे मी स्वतः टिपलेले आहेत. दोन्हींत कुठेही खाडाखोड नाही.

मी राजुरीत अंगणवाडी सेविका आहे. बावीस वर्षं झाली. चौतीस पोरांचं वजन, उंची, दंडाचा घेर, कोणाला कुठली लस कधी, हे सगळं माझ्या वह्यांत असतं आणि माझ्या डोक्यातही असतं. घरीही तसंच. फ्रिजवर किराण्याची यादी, गोठ्याच्या दाराला गाया कधी वेणार त्याच्या तारखा, देवघराशेजारी कोणाच्या लग्नाला घरातून कोणी जायचं त्याची पाळी. माझ्या सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "हिच्या याद्यांची बी एक यादी असंल बघा." आहे. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

तर गोष्ट सुरू झाली दिवाळीनंतर, नारायणगावच्या आमच्या डॉक्टरांकडे. कारभाऱ्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, साखर आहे. गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. रिपोर्ट तोच होता.

"गोळ्या पुरेनात आता," ते म्हणाले. "तीन महिने देतो. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू. आकडा खाली आला तर ठीक. नाही तर इंजेक्शन. रोज."

"रोज म्हंजी?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"रोज म्हणजे रोज. पोटात घ्यायचं."

कारभारी खुर्चीतून उठून दाराशी जाऊन उभे राहिले! चाळीस लिटरचा दुधाचा कॅन एका हाताने उचलणारा हा माणूस. पण गुरांचे डॉक्टर सुई घेऊन आले की आमची गाय गोठ्यात शांत उभी राहते आणि हे रस्त्यापलीकडे जातात.

पण नुसत्या सुईची गोष्ट असती तर मी हसून सोडून दिली असती. माझ्या सासऱ्यांचा डावा पाय याच साखरेपायी गुडघ्याखाली गेला. त्याआधी तीन वर्षं आत्याबाई रोज तो पाय धूत होत्या, पट्ट्या बदलत होत्या. पाय गेला आणि पुढच्या वर्षी माणूसही गेला. घरात यावर कोणी बोलत नाही. फक्त कारभाऱ्यांच्या पायाला साधा काटा लागला तरी आत्याबाई, सत्त्याहत्तराव्या वर्षी, स्वतः खाली बसून तळवा उलटा करून बघतात.

म्हणून मी डॉक्टरांना म्हटलं, "तीन महिने माझ्यावर सोडा."

ते म्हणाले, "काही अवघड नाही. कमी खायचं, जास्त चालायचं."

हे मला पटेना. एवढा शिकलेला माणूस, आणि सल्ल्यात एकही आकडा नाही! कमी म्हणजे किती? जास्त म्हणजे केवढं? अंगणवाडीत मी असा अहवाल दिला असता तर आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी वही तोंडावर फेकली असती.

आकड्याची सोय आमच्या लेकीने केली. पल्लवी पुण्यात नोकरीला आहे. त्या शनिवारी ती आली तीच दोन घड्याळं घेऊन. वडिलांना काळं, मला गुलाबी.

"आई, हे पावलं मोजतं. आणि दिवसभरात किती कॅलरी जळल्या तेपण सांगतं."

"किती ते नक्की सांगतं?"

"हो. म्हणजे अंदाजे असतं हं ते."

यातलं 'हो' तेवढं मी ऐकलं. माझ्या वहीत 'अंदाजे' असा रकाना नाही.

रविवारी मी तक्ता आखला. पोळी, भाकरी, भात, उसळ, प्रत्येकाच्या कॅलरी मोबाईलवरून बघून लिहिल्या. (मोबाईलमध्ये पिझ्झ्याचे बारा प्रकार सापडले, मासवडी एकही नाही. बेसनाची वडी, आत खोबरं, तीळ, दाणे, वर तर्रीचा रस्सा. आमच्या जुन्नर-आंबेगावात लग्न मासवडीशिवाय लागत नाही, पण मोबाईलला तिचा पत्ता नव्हता. मी दोन समोसे धरले.) मग नियम केला. सकाळ-संध्याकाळ ठरलेलं साधं ताट. त्याच्या वर काही हवं असेल तर घड्याळाने दाखवलेल्या जळलेल्या कॅलरींइतकंच. गोड बंद. आणि नियम घरात दोघांनाही लागू, कारण एकालाच लागू केला तर त्याला नियम म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात.

पहिले चार दिवस कारभारी कालव्याच्या कडेने चालायला गेले. चाळीस मिनिटांनी घामाघूम होऊन आले. घड्याळ म्हणालं, एकशे साठ.

"एकशेसाठला काय येतं?" त्यांनी विचारलं.

मी तक्ता बघितला. "एक भाकरी."

"निस्ती?"

"कोरडी."

"आगं, मंग पोटभर जेवायचं म्हनलं तर मला आळेफाट्यापातुर चालत जावं लागंल!"

"जा की. नको कोण म्हणतंय?"

पाचव्या दिवशी ते चालायला गेले नाहीत. कांद्यासाठी खालच्या वावरात रोटर मारून ढेकळं फोडायची होती, म्हणून सकाळीच ट्रॅक्टर घेऊन गेले. संध्याकाळी आले, हातपाय धुतले, मी वही उघडली आणि यांचा हात धरून घड्याळ बघितलं.

पावलं, सतरा हजार सहाशे चाळीस. कॅलरी, एक हजार एकशे बत्तीस.

"अहो, कुठे गेला होता?"

"कुठं जातोय? रोटर मारत व्हतो."

"चालत?"

"चालत कोन रोटर मारतं का, बये?"

आता इथे कुठल्याही शहाण्या बाईला शंका आली असती. मलाही आली. चांगलं अर्धं मिनिट राहिली. मग मी विचार केला की ट्रॅक्टर काय पाळणा आहे? ढेकळातून जाताना अंग आदळतं, माणूस सगळा ताठ धरून बसतो, मागे वळून बघतो, कंबर मोडून येते. कष्टच की ते! आणि दुसरी गोष्ट, तो आकडा. अंदाज करणारा अकराशे म्हणेल, साडेअकराशे म्हणेल. एक हजार एकशे बत्तीस म्हणायला नीट मोजावंच लागतं. त्या वरच्या बत्तीसवर मी विश्वास ठेवला.

आत्याबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. "सकाळपासनं त्याचं बूड सीटवरनं हाललं न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, यंत्र आहे ते. त्याला खोटं बोलून काय मिळायचंय?"

"त्याला न्हाई मिळायचं." त्यांनी लेकाकडे बोट केलं. "ह्याला मिळतंय."

नियमाप्रमाणे त्या रात्री कारभाऱ्यांना नेहमीच्या ताटावर सात भाकरींची परवानगी निघत होती. त्यांनी चार खाल्ल्या, वर वाटीभर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. 'ट्रॅक्टर: जड व्यायाम' अशी मी वहीत नोंद केली आणि खाली हिरवी रेघ मारली.

आता माझं घड्याळ.

त्याच दिवशी मी पहाटे उठून गोठा झाडला, दोन गायांची धार काढली, अंगणवाडीत चौतीस पोरं सांभाळली, त्यातली निम्मी उचलली, दुपारी दोन तास खुरपलं आणि येताना गायांसाठी घासाचा भारा डोक्यावर आणला. गुलाबी घड्याळ म्हणालं, दोनशे अकरा.

मला वाटलं बिघडलंय. दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठ्याण्णव. तिसऱ्या दिवशी दोनशे चार. तेव्हा माझी खात्री झाली की घड्याळ नव्हे, मीच बिघडलेली आहे. बावीस वर्षं मला वाटत होतं की मी फार काम करते! आकड्यांपुढे माणसाने स्वतःचं मत बाजूला ठेवावं, असं मी अंगणवाडीत आयांना सांगते. मी माझं मत बाजूला ठेवलं आणि माझी दुसरी भाकरीही.

फक्त एका कामात माझं घड्याळ खुश व्हायचं. भाकऱ्या थापताना. दोन्ही हात हलतात ना! परातीसमोर बसले की आकडा भराभर पळायचा. म्हणजे दिवसभरातला माझा खरा व्यायाम कोणता, तर कारभाऱ्यांनी कमावलेल्या भाकऱ्या थापणे. त्यांनी जितकं जाळावं तितकं मी थापावं, आणि थापून झाल्यावर माझ्या वाट्याला अर्धी.

महिन्याभरात कारभाऱ्यांना ट्रॅक्टरचं व्यसन लागलं. आमचं वावर संपलं तेव्हा भाऊकीतल्या रामदास भाऊंचं घेतलं. रामदास भाऊ आमचे शेजारी. येता-जाता कुंपणावरून बोलायचे.

"वहिनी, भाऊंचं काय बिनसलंय का? कालपासनं माझं वावर उलटं-पालटं करत्यात. मी न्हाई म्हनलं तरी आयकंनात."

"व्यायाम करतात ते."

"आस्सं व्हय? मंग वरचं बी वावर हाय माझं. त्याला बी जरा व्यायाम लागंल."

वरचंही झालं. तिथून पुढे कोणाच्याही वावरात हे हजर. काम झालं की त्या घरी चहा, वर भजी. (भजी तक्त्यात बसत होती. एवढं जाळल्यावर भजी कुठेही बसतात.) ट्रॅक्टरचं काम नसेल त्या दिवशी टोमॅटोची कॅरेटं भरून पिकअप नारायणगावच्या बाजारात न्यायची; तो खड्ड्यांचा रस्ता धरला की चारशे कॅलरी, हायवेने गेलं तर नव्वद. म्हणून हे मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्याने जाऊ लागले. निम्मे टोमॅटो बाजारात पोचायच्या आत चटणी व्हायचे.

एका सकाळी इंजिनाचा आवाज ऐकून बाहेर आले तर ट्रॅक्टर अंगणातच उभा, इंजिन चालू, हे सीटवर बसून पेपर वाचतायत!

"अहो, उभ्या ट्रॅक्टरवर काय चाललंय?"

"वॉर्मअप," कारभारी म्हणाले आणि पान उलटलं.

यावर मी काय करावं? मी ट्रॅक्टर बंद करायला हवा होता. मी वेळ नोंदवली.

वजनाचं विचाराल तर वजन तीन महिन्यांनीच करायचं असं तक्त्यात लिहिलं होतं आणि मी ठरलेली तारीख मोडत नाही. मध्येच एकदा कारभारी म्हणाले की पँट आटली. मी यादीत लिहिलं, 'धुण्याचा साबण बदलणे'. साबण बदलला. पँट आटतच राहिली. मी पुन्हा साबण बदलला.

आणि माझ्या साड्या गळून पडत होत्या. जरा उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. अंगणवाडीत एक पोरगी मला म्हणाली, "बाई, तुमच्या बांगड्या खाली घसरतात." तिचा दंड मोजायला घेतला होता मी. माझा मोजायचं सुचलं नाही.

तिसऱ्या महिन्यात लोणीला, माझ्या माहेरी, माझ्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. आत्या म्हणून पंगतीत वाढण्याचा मान माझा. सकाळपासून उभी होते. मी गुलाबी घड्याळ बघितलं तर बासष्ट कॅलरी. बासष्ट! दोन घास येत होते त्यात. मी दोन घास खाल्ले आणि मासवडीच्या रश्शाची बादली उचलली.

पहिली पंगत वराकडची. नवरदेवाचे थोरले काका अगदी मधोमध बसलेले, पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. मी वाकले आणि विचारलं, "पावणं, रस्सा वाढू का?"

ते म्हणाले, "वाढा की थोडा."

त्यानंतरचं मला लोकांनी सांगितलं. मी बादलीसकट त्यांच्या मांडीवर गेले. थोडा म्हणाले होते ते. दहा-बारा लिटर मिळाला. टोपी सोडली तर त्यांच्या अंगावर पांढरं काही उरलं नाही. मंडपभर कालवा! "आगं धरा तिला!" "पानी आना, पानी!" "रस्सा गरम व्हता का?" "कोमट व्हता." "मंग ठीक हाय."

डोळे उघडले तेव्हा माझं डोकं भावजयीच्या मांडीवर होतं. ती मला हलवून सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, "ताई, घरी खायला घालत न्हाईत का ओ तुमाला? निस्ती हाडं लागत्यात हाताला!"

सगळा मंडप कारभाऱ्यांकडे वळला.

कारभारी शेजारच्या पंगतीत बसले होते. ताटात मासवडीचा ढीग. ताट दिसत नव्हतं इतक्या वड्या. लोक बघतायत म्हटल्यावर त्यांनी हातातली वडी खाली ठेवली, आणि जे बोलू नये ते बोलले.

"मी कमावलंय हे! सकाळी दोन तास ट्रॅक्टर चालवूनशान आलोय!"

मंडपात कोणालाच काही कळलं नाही. मला एकटीला कळलं, कारण तो नियम माझा होता. नवरा जेवतो आणि बायको भुकेने पडते, हे लोकांनी बघितलं. हे घरातल्या कोणी लादलं नव्हतं. सासूने नाही, नवऱ्याने नाही. मी स्वतः पट्टी घेऊन आखलं होतं. मला पंगतीत रडू आलं, आणि लोकांना वाटलं नवरीसाठी रडतेय.

काकांनी मात्र मोठेपणा दाखवला. कोणाचं तरी धोतर नेसून परत पंगतीत बसले आणि म्हणाले, "आसू द्या. आता बसूनच वाढा म्हनावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई उठल्या. लेकाच्या मनगटावरचं काळं घड्याळ काढून घेतलं, अंगणात गेल्या आणि ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला पट्टा गुंडाळून बांधलं.

"चालू कर," त्या म्हणाल्या.

"कशापायी, आये?"

"कर म्हनते ना."

इंजिन चालू केलं. सीट रिकामी. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. रामदास भाऊ कुंपणावरून बघत होते तेही आत आले. मी चहा केला. अर्धा तास झाल्यावर आत्याबाईंनी मला घड्याळ आणायला सांगितलं.

दोन हजार नऊशे अठरा पावलं. एकशे सत्त्याऐंशी कॅलरी.

ट्रॅक्टर जागचा हललाही नव्हता.

"आता ह्याला वाढ भाकरी," आत्याबाई ट्रॅक्टरकडे हात करून म्हणाल्या.

रामदास भाऊ पोट धरून हसायला लागले. "वहिनी, तरीच म्हनलं! लई बारीक दिसाया लागलाय राव ट्रॅक्टर!"

कारभारीही हसले. मीसुद्धा हसणारच होते. पण आत्याबाई हसत नव्हत्या.

"तुझा बाप बी आसंच म्हनायचा," त्या लेकाला म्हणाल्या. "मी राबतो, मला काय व्हतंय. राबतो म्हनून खायचा. त्याच्याकडं घड्याळ नव्हतं, येवढाच काय तो फरक." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आन तू शिकल्याली."

रामदास भाऊंनी कप खाली ठेवला आणि निघून गेले. कारभाऱ्यांनी उठून इंजिन बंद केलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच न सांगता.

दुपारी मी पल्लवीला फोन केला.

"आई, ते हाताचं हलणं मोजतं गं. ट्रॅक्टर थरथरतो, हात थरथरतो, त्याला वाटतं माणूस पळतोय. मी म्हटलं होतं ना, अंदाजे असतं."

"आणि माझं? मी घासाचा भारा घेऊन दीड किलोमीटर चालत येते."

"हात कुठे असतो तेव्हा?"

"वर. भाऱ्याला धरलेला."

"मग हलत नाही ना तो. त्याला वाटतं तू बसली आहेस."

"म्हणजे डोक्यावर जेवढं ओझं जास्त, तेवढी मी रिकामी बसलेली?"

पल्लवी म्हणाली, "घड्याळाला नाही कळत, आई."

घड्याळाला नाही कळत हे मान्य. मला सत्तेचाळीस वर्षं हे शरीर वापरून कळू नये? पोटात भूक, पाठीत कळ, पायात गोळे, सगळं सांगत होतं की आज फार झालं. आणि मी मनगट बघून म्हणत होते, छे, दोनशे चारच!

ठरलेल्या तारखेला आम्ही नारायणगावला गेलो. हायवेने.

कारभारी चौऱ्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी. साखर आधीपेक्षा वर. मी एकसष्टची चोपन्न, रक्त कमी. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

"यांना इंजेक्शन. उद्यापासून," ते म्हणाले. "आणि तुम्ही, बाई, दोन वेळा पोटभर जेवायचं."

कारभारी या वेळी खुर्चीतून उठले नाहीत. पायाकडे बघत बसले. मग हळूच विचारलं, "सर, पाय तर न्हाई ना जायचा?"

"वेळेवर इंजेक्शन घेतलं आणि खरोखर चाललात, तर नाही जायचा."

"खरंखुरं चालतो," हे म्हणाले. "पायानं."

मला त्या माणसाला सुईपासून वाचवायचं होतं, आणि मी तीन महिने शिस्तीत, न चुकता, रोज एकेक भाकरीने त्यांना सुईपर्यंत नेऊन पोचवलं होतं. माझ्या हातांनी. थापून.

तेवढ्यात डॉक्टरांची नजर माझ्या मांडीवरच्या गुंडाळीवर गेली. "ते काय?"

मी वहीवरून मोठ्या कागदावर उतरवलेला तक्ता उलगडून टेबलावर पसरला. नव्वद दिवस, नव्वद ओळी, तीन रंग. डॉक्टर चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. ट्रॅक्टर, पिकअप, वॉर्मअप, भजी, सगळं वाचलं. दोनदा त्यांचे खांदे हलले.

"हे कोणी केलं?"

"हिनं, सर," कारभारी म्हणाले. आणि खरं सांगते, आवाजात अभिमान होता. "लई शिस्तीची हाय."

"सुरेख काम आहे. बाहेर लावू का? साखरेच्या पेशंटना उपयोगी पडेल."

आता मला लाज वाटायला हवी होती की नाही? मी पदर सावरून ताठ बसले!

"फक्त वर मोठ्या अक्षरांत लिहावं लागेल," डॉक्टर म्हणाले, आणि जाड पेन घेऊन त्यांनी स्वतःच कोपऱ्यात लिहायला सुरुवात केली. 'असे करू' एवढं कसंबसं लागत होतं. पुढच्या 'नये'चा नुसता फराटा झाला होता. म्हणजे वाचणाऱ्याला काय कळणार? असे करू! पंधरा दिवसांत अख्खा जुन्नर तालुका ट्रॅक्टरवर बसून भाकऱ्या कमवायला लागला असता.

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. मधोमध, ठळक, एकसारख्या अक्षरांत लिहिलं, 'असे करू नये'. खाली दोन रेघा ओढल्या. आणि हात थांबेपर्यंत लक्षातच आलं नाही की त्या रेघांखाली मी, सवयीने, माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सहीही करून टाकली होती.